तुम्ही विचारलंत म्हणून: प्रदर्शन एका सकाळचे, मग गाड्या चार दिवस रस्त्यावर कशाला?

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा दर जानेवारीत कोकणात भरतो. पहिल्या दिवशी दापोलीला सगळ्यांनी जमायचे, दुसऱ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर आणि हेदवी पाहायचे, तिसऱ्या दिवशी तवसाळहून जयगडला उतरून मालगुंड, गणपतीपुळे करत रत्नागिरी गाठायची आणि चौथ्या दिवशी सकाळी तिथल्या मैदानावर प्रदर्शन मांडायचे, असा त्याचा क्रम असतो. प्रदर्शन पाहायला आलेली मंडळी मला हमखास एकच प्रश्न विचारतात: ‘लोकांना दाखवण्यापुरत्याच आणायच्या, तर या गाड्या ट्रकवर चढवून थेट मैदानात का नाही आणत? साठ वर्षांच्या गाडीला घाट, खाड्या आणि खारा वारा यांत कशाला घालता?’ विचारणाऱ्याला गाडीची काळजी असते, म्हणून या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आमच्या सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही नेमके असेच केले होते. एका सभासदांची गाडी ट्रकवरून आली आणि मैदानावर तिच्याइतके देखणे दुसरे काही नव्हते. समारोपाला सर्व गाड्यांनी मैदानाला एक फेरी मारायची होती, तेव्हा ती जागची हलेना. अनेक महिने उभी राहिल्यामुळे मागच्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर गंजून अडकला होता आणि ब्रेक सुटतच नव्हता. ते गृहस्थ खाली बसून चाकाकडे पाहत राहिले, तो चेहरा मी विसरलेले नाही. त्यांनी गाडीवर खर्च किंवा प्रेम करण्यात काही कमी ठेवले नव्हते, फक्त ती चालवली नव्हती.

जुनी गाडी वापरण्याने झिजते हे खरे, पण उभी राहून ती अधिक लवकर बिघडते. इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल सुकून चिकट होते आणि त्याची बारीक छिद्रे बुजतात, रबरी सील कडक होतात, बॅटरी उतरते. आता पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते आणि जुन्या गाडीच्या पंपातल्या रबरी पडद्याला ते सोसत नाही. टाकी भरून गाडी पावसाळाभर झाकून ठेवण्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. माझी गाडी १९६७ सालची फियाट ११०० डी आहे, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, माझ्या वडिलांनी घेतलेली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन मी दर आठवड्याला थोडे तरी चालवते, आणि ती आजही पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते याचे कारण एवढेच आहे.

खाऱ्या वाऱ्याविषयीची शंका मात्र अगदी योग्य आहे, आणि इथे आम्ही फार काटेकोर असतो. पुष्कळांना वाटते की गंज वरून रंगावर चढतो. कोकणात तो बहुधा दाराच्या आतून सुरू होतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी लहान छिद्रे असतात. जांभ्याची तांबडी धूळ त्यांत बसली की काचेवरून आत उतरलेले पाणी तिथेच साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून रोज मुक्कामाला पोहोचल्यावर चहाच्याही आधी प्रत्येक गाडी खालून गोड्या पाण्याने धुतली जाते आणि दारांची छिद्रे काडीने मोकळी केली जातात. प्रदर्शनात परीक्षकांनी आधी दाराची खालची कड बोटाने चाचपावी आणि मगच रंगाकडे पाहावे, असा आग्रह मी धरला आणि आता तसेच होते.

मेळाव्याचा माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीवरची फेरीबोट. फेरी दिवसभर चालते, पण जुन्या गाड्यांसाठी वेळ निवडावी लागते, कारण ओहोटीला पाणी खाली गेले की बोटीच्या फळीचा चढ-उतार तीव्र होतो आणि मागे लांबवर गेलेला सायलेन्सर घासतो. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अदमास येतो. द्वादशीला नऊच्या सुमारास भरती, म्हणजे तीनच्या सुमारास ओहोटी. त्यामुळे आमच्या मेळाव्याच्या तारखा दिनदर्शिकेतल्या तिथ्या पाहून ठरतात आणि दाभोळला सकाळीच पोहोचायचे, हे आधीच पक्के असते. धक्क्याजवळच आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. गाड्या चढेपर्यंत बाकीची मंडळी ती पाहून येतात. बोटीवरचे खलाशी कोणत्या गाडीचे वजन किती आणि कोणती कुठे उभी करायची, हे नजरेने सांगतात. अ‍ॅम्बॅसॅडर मध्ये, हलकी स्टँडर्ड हेराल्ड कडेला. इंजिने बंद झाली की सगळे हँडब्रेक पुन्हा तपासून चाकांना लाकडी ठोकळे लावतात आणि मग खाडीवर केवळ बोटीचा आवाज उरतो.

पलीकडे धोपाव्याच्या चढावर एके वर्षी माझी गाडी थांबली. हवा तापली होती, गाडी बराच वेळ पहिल्या गियरमध्ये चढत होती, आणि इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोल पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला. यावर उपाय जुनाच आहे: पंपावर ओले फडके ठेवायचे आणि वीस मिनिटे धीर धरायचा. मागची प्रत्येक गाडी थांबली आणि कोणीही मला एकटी सोडून पुढे गेले नाही. ट्रकवरून आलेल्या गाड्यांच्या मालकांची अशी ओळख होत नाही.

वेळणेश्वरला देवळाजवळ गाडी उभी करून मी परतले, तर एक वयस्क गृहस्थ काचेतून आत पाहत उभे होते. मुंबईत त्यांनी अनेक वर्षे टॅक्सी चालवली होती, आधी हीच गाडी आणि पुढे पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली, ही बातमी त्यांनी गावी बसून वाचली होती. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. फक्त आत बसले आणि स्टिअरिंगखालच्या गियरच्या दांड्यावर हात ठेवला. गाडी बंदच होती, तरी हात आपसूक चारही गियरमधून फिरून आला. उतरताना म्हणाले, “ताई, दुसऱ्यावर टाकताना जरा थांबा. तिला घाई चालत नाही.” मी तीस वर्षे ती गाडी चालवते आहे आणि दुसरा गियर अधूनमधून कुरकुरतो, हे मी त्यांना सांगितलेही नव्हते. त्या दिवसापासून तो कुरकुरलेला नाही.

कायद्याचाही मुद्दा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली, तर ती नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच आणता येते. अशी नोंदणी केलेल्या आमच्या सभासदांसाठी वर्षातले हे चार दिवस म्हणजे गाडी मोकळेपणाने लांबवर चालवण्याची मोठी संधी असते. ती ट्रकवर घालवायची आणि वर त्याला जपणूक म्हणायचे, हे मला पटत नाही.

म्हणून आता आमचा नियम असा आहे की जी गाडी दापोलीहून स्वतःच्या चाकांवर आली, तिचेच प्रदर्शनात परीक्षण होते. वाटेत बंद पडली तरी गुण कापत नाहीत, मदत घेतली तरी नाही. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना आरे-वारेच्या वळणांवरून उतरताना अंगावर बसलेली धूळ ठेवायची की पुसायची, हे प्रत्येकाने ठरवावे, मी ठेवते. आणि तुम्ही पुढच्या वर्षी येणार असाल, तर मैदानावर गर्दीत उभे राहण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दाभोळच्या धक्क्यावर या. गाड्या एकामागून एक फळीवर चढतात तेव्हा त्यांच्या अगदी जवळ उभे राहता येते.