ऑपरेशनची नाही, उलटीची भीती

आईच्या पित्ताशयात खडे आहेत हे दोन वर्षांपासून माहीत होतं, सोनोग्राफी झालेली, सर्जन म्हणाले दुर्बिणीतून काढून टाकू, पण आई तयारच होईना. दुखण्याची भीती नव्हती तिला. उलटीची होती.

गर्भपिशवीचं ऑपरेशन इथेच सोलापुरात झालं होतं, तेव्हा संध्याकाळी वॉर्डात आणल्यापासून पहाटेपर्यंत उलट्या. पोटात काहीच नाही, नुसतं हिरवट पाणी, आणि प्रत्येक उबळीला टाके ओढले जायचे म्हणून ती उशी पोटाशी गच्च आवळून धरायची, डोळ्यातून घळाघळा पाणी, मी ट्रे धरून उभी. सिस्टर म्हणाल्या, भूल उतरताना होतंच. मीही मान हलवली, ते अजून सलतं मला.

यावेळी भूल देणाऱ्या मॅडम आदल्या दिवशी स्वतः भेटायला आल्या आणि त्यांनी विचारलं, "मावशी, गाडी लागते का?" आई म्हणाली, "लागते की ओ, तुळजापूरचा घाट आला की पिशवी हातातच असती माझ्या." मी आपणहून मागच्या वेळचं सगळं सांगून टाकलं. मग कळलं की हे प्रश्न उगाच नसतात. बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधी भुलेनंतर उलट्या झालेल्या असणं, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी दुखण्याची औषधं लागणं, या चार गोष्टी बघतात. आपफेल स्कोअर म्हणतात त्याला, १९९९ पासूनचा आहे. एकही नसेल तर उलटी-मळमळीची शक्यता १० टक्क्यांच्या आसपास, चारही असतील तर ८०. आईच्या तीन तर पक्क्याच होत्या!

म्हणून वासाच्या गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल, सुरुवातीलाच उलटी टाळणारं डेक्सामेथासोन (त्याने शुगर वाढू शकते, म्हणून आधी शुगर तपासली), ऑपरेशन संपत आल्यावर त्याच कामाचं ऑन्डान्सेट्रॉन, आणि टाक्यांच्या जागी बधिर करायचं इंजेक्शन म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं कमीच लागतात. एकच औषध का नाही असं मी विचारलं तर म्हणाल्या, एकेकाने धोका साधारण पाव हिस्सा कमी होतो, वेगवेगळ्या तऱ्हेने काम करणारी एकत्र दिली की फायदा वाढत जातो. यातली बरीच औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत, म्हणून तर मागच्या ऑपरेशनच्या त्या रात्रीचा राग येतो मला.

नंतर वाचलं, अमेरिकेत पेशंटना विचारलं होतं की ऑपरेशननंतर काय सगळ्यात नको, तर उलटी दुखण्याच्याही वर होती. आपल्याकडे मात्र "एवढं काय, उलटीच तर आहे" म्हणतात. टाके ताणतात, अंगातलं पाणी जातं, घरी सोडणं लांबतं, आणि माणूस पुढच्या ऑपरेशनला नाही म्हणतो, आमच्या आईसारखा, आणि खडे तसेच दुखत राहतात.

यावेळी ऑपरेशनच्या रात्री नऊच्या सुमाराला आई म्हणाली, मळमळतंय. माझं काळीज लक्कन हललं. पळत जाऊन सांगितलं, ब्रदरनी मॅडमना फोन लावला, त्यांनी आधीचं औषध परत न देता दुसऱ्या प्रकारचं द्यायला सांगितलं. अर्ध्या तासात आई झोपली. ट्रे कोरडाच.

सकाळी चहाचे दोन घोट घेऊन तिने मावशीला फोन लावला. ऑपरेशन कसं झालं, खडे किती निघाले, काही नाही, पहिलं वाक्य हेच, "अगं, एकदाबी उलटी झाली नाही बघ."