आमची वाटचाल : ‘पाणी किती खोल आहे?’ असं विचारणारा विक्रेता

आमचं काम पाण्याचे पंप आणि त्यासोबत लागणारे पाईप, फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या तळाशी बसणारी, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप), स्टार्टर विकण्याचं. विक्रीवर माणसं मोजकीच. त्यातला एक चुकीचा निघाला तर परत आलेला माल, अडकलेली उधारी आणि दुखावलेलं गिऱ्हाईक हे सगळं निस्तरण्यात वर्ष जातं. म्हणून भरतीची पद्धत आम्ही टप्प्याटप्प्याने बदलत आणली.

आधी जाहिरातीत ‘बोलका, स्मार्ट, टार्गेट पूर्ण करणारा’ असं असायचं, आणि मुलाखतीत ‘हे पेन विकून दाखवा’. त्यातून कळतं ते एवढंच, की उमेदवाराला बोलता येतं. फोनवरून विक्री करणाऱ्या 340 जणांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक कमाई ना सगळ्यात बोलक्यांची होती ना सगळ्यात अबोलांची; मधल्या स्वभावाची माणसं पुढे होती. पंपाच्या धंद्यात तर हे पटायलाच हवं, कारण इथे गिऱ्हाईक मागतं ते आणि त्याला लागतं ते पुष्कळदा वेगळं असतं.

आता मुलाखतीत वर्कशॉपमधला फिटर गिऱ्हाईक होऊन बसतो आणि म्हणतो, “पंप पाणी उचलत नाही, दुप्पट हॉर्सपॉवरचा द्या.” फिटरच्या हातातल्या कागदावर खरी परिस्थिती लिहिलेली असते: पंप विहिरीच्या काठावर, पाणी 9 मीटर खाली गेलेलं, पावसाळ्यात हाच पंप व्यवस्थित चालत होता. उमेदवाराला 15 मिनिटं. तो लगेच मोठ्या पंपाचा भाव सांगायला लागला, तर तो उद्या गिऱ्हाइकाकडेही तेच करणार.

मोठा पंप इथे उपयोगाचा नाही, याचं कारण साधं आहे. काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण सक्शन पाईपमधून पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला त्याची कमाल मर्यादा सुमारे 10.3 मीटर, पाईपमधलं घर्षण, बेंड आणि बारीकसारीक गळती धरली तर व्यवहारात 7 मीटरच्या आसपास. हॉर्सपॉवर वाढवून ही मर्यादा हलत नाही. वायर आणि स्टार्टर मात्र मोठे घ्यावे लागतात. खरा उपाय म्हणजे पंप विहिरीत खालच्या कट्ट्यावर नेणं, नाहीतर पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल पंप बसवणं.

हे उमेदवाराला ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. आम्ही गुण देतो ते प्रश्नांना. आधी चालत होता का? कधीपासून बंद पडला? मधे काय बदललं? पाणी किती खोल आहे? पाईप किती इंची? नंतर आम्ही त्याला 7 मीटरची गोष्ट समजावून सांगतो आणि अर्ध्या तासाने दुसरं गिऱ्हाईक पुढे करतो: पाणी 5 मीटरवर, पंप दिवसभर चालतो, पण रोज सकाळी पाणी भरून प्रायमिंग करावं लागतं. नुकतं शिकलेलं तो वापरतो का, ते इथे दिसतं. “म्हणजे खोलीची अडचण नाही, रात्रीत पाईप रिकामा होतोय,” एवढं जरी तो म्हणाला तरी आमच्या दृष्टीने पुष्कळ झालं. फूटव्हॉल्व्ह गळतोय हे आम्ही शिकवू. अशा गिऱ्हाइकाला नवा पंप विकणं ही फसवणूकच, मग ती अज्ञानातून का होईना.

दुसरी परीक्षा कागदावरची. वस्तूची किंमत 100, आपली खरेदी 75, गिऱ्हाईक 10 टक्के सूट मागतंय. सूट दिल्यावर पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर किती जास्त नग विकावे लागतील? बहुतेकांच्या तोंडी पटकन ‘10 टक्के’ येतं. प्रत्यक्षात नफा 25 वरून 15 वर येतो, म्हणजे जवळजवळ 67 टक्के जास्त माल जायला हवा. चुकलेला उमेदवार बाद होत नाही. कागद पुढे ओढून पुन्हा मांडणी करणारा आम्हाला चालतो, आकड्यांवरून हुज्जत घालणारा नाही.

गुण दोघे जण वेगवेगळे देतात, 1 ते 5, आणि चर्चा त्यानंतर. एकाने ‘मस्त आहे पोरगा’ म्हटलं की दुसऱ्याचे गुण आपोआप वर जातात.

या पद्धतीतही एक खड्डा आहे. नेमकी अडचण ओळखणारा माणूस कधीकधी ऑर्डर मागायला लाजतो. सल्ला देऊन परत येतो आणि माल दुसऱ्याचा जातो. म्हणून संवादाच्या शेवटी “मग कधी पाठवू?” हा प्रश्न आला का, याची वेगळी नोंद होते. त्यानंतर एक दिवस पगारी फिरती, जुन्या विक्रेत्यासोबत. संध्याकाळी उमेदवाराची वही बघतो. ‘भेट झाली, चांगला प्रतिसाद’ एवढंच लिहिलेलं कामाचं नाही. पाईप किती इंची, मागची बाकी किती, पुन्हा कधी जायचं, हे असलं की वही वाचून दुसराही तिथे जाऊ शकतो.

आणि कमिशन. ते बिलावर दिलं तर समंजस माणूसही हळूहळू मोठा पंप गळ्यात मारायला लागतो, म्हणून आम्ही वसुली आल्यावर देतो. चुकीच्या निवडीमुळे पंप परत आला तर त्यावरचं कमिशन पुढच्या महिन्यात वजा होतं. दोष वर्कशॉपचा किंवा कंपनीचा असेल, तर विक्रेत्याच्या पैशाला हात लावत नाही.