लिंबू ओळखलं, बाटली नाही

आज रविवार. उपासनेहून आलो, जेवलो, आई झोपलीये. तीन आठवडे वहीला हात लावला नव्हता, लाज वाटत होती हे खरं कारण.

झालं असं की आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये मला शुगरच्या (मेटफॉर्मिनच्या) गोळ्यांच्या चार स्ट्रिप सापडल्या, अख्ख्या, एक गोळी फोडलेली नाही, आणि त्यांच्यामागे ती तेलाची बाटली, कुरिअरने आलेली, वर बायबलमधलं यशयाचं वचन चिकटवलेलं. त्याच आठवड्यात चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं तर शुगर ३८०. डॉक्टर विचारतायत गोळ्या चालू आहेत ना, आणि आई खाली बघतेय.

ती ऑनलाइन प्रार्थना सभा तिला जोडून कोणी दिली होती, तर मीच. गुडघे दुखतात, चर्चला रोज जाता येत नाही, बिचारीला करमेल तेवढंच, असं म्हणून मीच लिंक पाठवली होती. सुरुवातीला सगळं चांगलंच होतं हो, गाणी, वचन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. मग ते 'संदेष्टे' तिला पर्सनल फोन करायला लागले. तुमच्या घरात पूर्वजांचा शाप आहे, बीज पेरा, म्हणजे पैसे पाठवा, गोळी घेणं म्हणजे अविश्वास, आणि मुलीला सांगू नका, तिचा विश्वास कच्चा आहे. हे शेवटचं वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. घरच्यांपासून लपवायला सांगणारा माणूस कुणाचा निरोप आणतोय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला तर पत्ताच नव्हता ना!

आमच्याकडे अमावस्येला दारात लिंबू पडलेलं दिसलं की आई झाडूने ढकलून टाकते आणि म्हणते प्रभूच्या लेकरांना काय होतंय. असली धीट बाई. पण बाटलीवर वचन होतं ना, तिथे फसली. मीही फसलेच असते, खोटं कशाला लिहू.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब परवा घरी आले, रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी चहा घेतला आणि बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६ वा अध्याय काढायला सांगितला. फिलिप्पैची ती दासी, जिच्यात भविष्य सांगणारा आत्मा होता. ती प्रेषित पौलाच्या मागे मागे ओरडत फिरायची की हे परात्पर देवाचे दास आहेत, तारणाचा मार्ग सांगतायत. म्हणजे बोलत होती ते शब्दाला शब्द खरं! आणि असं पुष्कळ दिवस चाललं, मग पौल वैतागला आणि त्याने तो आत्मा घालवला. एवढ्या वर्षांत मी हे कितीदा वाचलंय, पण ती खरं बोलत होती हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, पुढे वाच, कमाई कुणाची बुडाली? तिच्या धन्यांची. आणि तेच पौलाला धरून अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. आई एवढा वेळ गप्प होती, ती एकदम म्हणाली, "माझे साडेचार हजार गेले."

मला हे माहीतच नव्हतं.

गोळ्यांचं म्हणाल तर शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, आज्ञा देऊन बरं कर असं काही लिहिलं नाही. हे मी आईला सांगितलं तर म्हणते, हो पण त्यात मेटफॉर्मिन कुठंय. हसू आलं, किती दिवसांनी.

केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये चारशेवर लोकांची प्रेतं सापडली, उपास करून मरा म्हणजे येशू भेटेल असं त्यांच्या पाळकाने सांगितलं होतं म्हणे. तेव्हा बातमी वाचून मी म्हटलं होतं, एवढी कशी वेडी माणसं. आता तसं म्हणवत नाही. आईला कुणी मर म्हणालं नव्हतं, फक्त गोळी सोड म्हणाले होते, आणि प्रेमाने म्हणाले होते, रोज फोन करून, जो मी करत नव्हते. ऑफिसातून आले की मी मोबाईल घेऊन बसायचे. हे लिहायला जड जातंय पण लिहिते.

नंबर ब्लॉक केलाय. दुसऱ्या नंबरवरून परवा मेसेज आला, ताई तुमच्या घरावर संकट दिसतंय. आईने मला दाखवला, लपवला नाही.

आज सकाळची उपाशीपोटीची शुगर १६८. तेल तिने मशीनला घातलं, खोबरेलच निघालं, मशीन जास्तच करकरतंय.