नसलेल्या पावलाची कळ आणि टेन्सचे पॅड

गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचं नसलेलं पाऊल जळतं, बोटं मुडपल्यासारखी वाटतात, मध्येच सणसणीत कळ जाते. हे दुखणं खरं असतं. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणं हा रुग्णावर अन्याय आहे.

स्पर्शाचे जाड मज्जातंतू चेतवले की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडतात, असं मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ साली मांडलं. टेन्स मशीन, म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य वीजस्पंदनं देणारं छोटं यंत्र, त्याच तत्त्वावर चालतं. पण पाऊलच नसताना पॅड लावायचे कुठे?

बहुतेक वेळा ते स्टम्पच्या (कापल्यावर उरलेल्या पायाच्या) टोकावर, व्रणाला लागून चिकटवतात आणि तिथेच बिघडतं. व्रणाची त्वचा एक तर बधिर असते, नाहीतर हात लावू देत नाही. पावलाकडे जाणारी नस मात्र वर शाबूत असते. म्हणून एक पॅड गुडघ्यामागच्या खळग्यात आणि दुसरा मांडीच्या मागे, त्याच रेषेत वर लावा. मशीनच्या मुंग्या त्या नसलेल्या पावलात उतरल्या तर जागा बरोबर साधली. नाही उतरल्या तर खालचा पॅड थोडा बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या) डोक्यामागे सरकवून बघा. स्टम्पला काहीच सोसत नसेल तर दुसऱ्या, धडधाकट पायावर त्याच जागी लावूनही पाहता येतं.

पॅड ५ × ५ सेंमीचे, दोन्हींत निदान एका पॅडएवढं अंतर. सुरुवातीला स्पंदनांचा वेग ८० ते १०० हर्ट्झ आणि एका स्पंदनाची लांबी १०० ते २०० मायक्रोसेकंद ठेवा. इंटेन्सिटी शून्यापासून हळूहळू वाढवा: मुंग्या ठसठशीत जाणवाव्यात, पण दुखू नये, स्नायू आखडू नये. काही मिनिटांत त्या विरतात, कारण शरीराला सवय होते; तेव्हा पुन्हा थोडं वाढवा. इथे ‘मशीन बंद पडलं’ असं समजून बरेच जण सोडून देतात. ३० ते ६० मिनिटं पुरेत. पहिल्यांदा इंटेन्सिटी जेमतेम जाणवेल एवढीच ठेवून ‘फरक नाही’ म्हणणं ही उपचाराची परीक्षाच नव्हे.

टोचल्यासारखं झालं तर बहुधा पॅडचं जेल वाळलेलं असतं किंवा त्याची कड उचललेली असते, त्यामुळे करंट एकाच जागी एकवटतो. त्वचा धुऊन कोरडी करा, केस कातरा (वस्तरा नको), तेल लावू नका. कार्बन रबरचे पॅड असतील तर जेल सगळीकडे सारखं पसरा. पॅड सॉकेटखाली (कृत्रिम पायाच्या, स्टम्प बसतो त्या खोबणीखाली) दाबले जाणार असतील तर जयपूर फूट काढूनच मशीन लावा.

पेसमेकर असेल तर टेन्स हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. बधिर किंवा जखमेच्या त्वचेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, गरोदरपणी पोटावर आणि पायात रक्ताची गुठळी असल्याचा संशय असताना तर नाहीच.

पुरावा किती? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नाही. म्हणून हमी देऊ नये. पण मशीन स्वस्त आहे, धोका कमी आहे, गोळ्या आणि आरसा-उपचारासोबत (आरशात धडधाकट पायाचं प्रतिबिंब बघत करायच्या व्यायामासोबत) ते चालतं. तेव्हा नीट लावून काही आठवडे वापरून बघण्यासारखं नक्कीच आहे.

वर्षानुवर्षं शांत असलेला स्टम्प अचानक दुखू लागला तर मशीन बाजूला ठेवा. न्यूरोमा (कापलेल्या नसेच्या टोकाची गाठ), हाडाचं वाढलेलं टोक, जंतुसंसर्ग किंवा सैल-घट्ट झालेलं सॉकेट, यांपैकी काय आहे ते सर्जनकडून आधी तपासून घ्या.