पाटी वाचून घेतलेला एसएमपीएस

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. चोपडा तालुक्यात दुकान आहे. केळीवाल्यांच्या, कापूसवाल्यांच्या पाणबुडी मोटारी माझ्याकडे जळून येतात. कॉम्प्युटरशी माझा संबंध बिल बनवण्यापुरता. पण भाच्याने पुण्यातल्या एका मुलाकडून जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०७०, आणि मला म्हणाला, "मामा, जळगावला चला, एसएमपीएस घ्यायचाय. तुम्हाला करंटचं कळतं."

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून कॉम्प्युटरच्या भागांना देणारा डबा. भाच्याकडे जुन्या कॅबिनेटसोबत फुकट आलेला एक होता. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. मी तो खोलून हातात घेतला तर डबा रिकामा वाटावा इतका हलका. बाजूची पाटी वाचली. १२ व्होल्टच्या रांगेत १५ अँपिअर. गुणाकार करा, १८० वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये दाखवून बेरीज फुगवलेली. आता गंमत अशी की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. एकटं ३०७० कार्डच २२० वॅटचं. म्हणजे त्या डब्यावर ४५० लिहा की ४५०० लिहा, आमच्या कामाचा आकडा १८०.

मोटारीचं गिऱ्हाईक "पाच एचपीची द्या" म्हणतं, आम्ही पाटीवरचा अँपिअर बघतो. इथेही तेच करायचं ठरवलं.

घरीच कागदावर हिशेब मांडला. कार्ड २२०. प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो ७६ पर्यंत ओढू शकतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरले. साडेतीनशेच्या आसपास आलं. एनव्हिडिया, म्हणजे कार्डाची कंपनी, याला ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते, कारण ते मोठा प्रोसेसर धरून सांगतात. भाच्याला ८५० हवा होता, कुठल्यातरी व्हिडिओत बघून आलेला. मी म्हटलं, तीन एचपीच्या कामाला साडेसातची मोटार टाकून पाणी जास्त येत नाही. शिवाय एसएमपीएस ८५० चा घेतला म्हणून तो ८५० ओढत नाही, कॉम्प्युटर मागेल तेवढंच देतो. बिल वाढणार नाही हे खरं, पण जास्तीचे पैसे खिशातून जाणारच.

मग ३५० ला ४५० चा चांगला डबा का नको? एक अडचण आहे. हे कार्ड एकसारखं २२० ओढत नाही. गेममध्ये एकदम काही घडलं की मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी करंट उसळतो, कधी दुपटीच्या जवळ जातो. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट घेते आणि लहान एमसीबी पडतो, तसाच हा प्रकार. एसएमपीएसचं आतलं संरक्षण पडतं आणि पीसी खटकन बंद. ३००० च्या मालिकेतल्या कार्डांची ही खोड बरीच गाजली होती. एसएमपीएस कसा असावा हे सांगणाऱ्या २०२२ च्या एटीएक्स ३.० नियमात म्हणूनच दुप्पट लोडचा झटका १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे असं घातलं. मी भाच्याला सांगितलं, ६५० घेऊ, पण एटीएक्स ३.० किंवा पुढचा असेल तर बरा.

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. आमच्याकडचा खरा प्रश्न भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे.

भाच्याचं घर गावाच्या टोकाला, लांब लाइनच्या शेवटी. रब्बीत मळ्यातल्या मोटारी चालू झाल्या की त्याच्या घरी मी मल्टिमीटरवर १७५-१८० व्होल्ट बघितलेत. अशा वेळी जुना बल्ब मंद होतो आणि करंटही कमी घेतो. एसएमपीएस उलटा. त्याला आत ठरलेले वॅट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो. ४५० वॅटला २३० व्होल्टवर दोन अँपिअरच्या आत काम भागतं, १७० वर तेच अडीचच्या वर जातं. म्हणून पाटीवरची इनपुटची ओळ आधी वाचा. काही डब्यांवर २००-२४० लिहिलेलं असतं, काहींवर १००-२४०. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत हा फरक सापडतो. पुण्या-मुंबईत २०० वाला चालून जाईल, आमच्याकडे संध्याकाळी तो त्याच्या हद्दीबाहेर काम करणार.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते आम्हाला विचारा, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून पाच-दहा अंश जास्त. काही एसएमपीएसचे पूर्ण वॅट ४० अंशांना दिलेले असतात, काहींचे ५० अंशांना. ४० वाला ५० ला पूर्ण वॅट देईल याची कुणी हमी देत नाही. आणि ८० प्लसच्या, म्हणजे डबा वीज किती कमी वाया घालवतो ते सांगणाऱ्या, शिक्क्यावर विसंबू नका, ती चाचणी २३ अंशांच्या थंड खोलीत होते. आमच्याकडे २३ अंश दिवाळीनंतर.

८० प्लसच्या पायऱ्यांतला ब्राँझ घ्यायचा की त्याच्या वरचा गोल्ड, यावर दुकानात बराच वेळ गेला. जळगावात सोनं म्हटलं की माणूस मऊ होतोच. मी तिथेच हिशेब केला: ३५० वॅट द्यायला ८५ टक्केवाला ब्राँझ भिंतीतून ४१२ घेतो, ९० टक्केवाला गोल्ड ३८९. फरक २३ वॅट, एका एलईडी ट्यूबइतका. रोज पाच तास गेम खेळला तरी महिन्याला साडेतीन युनिट. बिलासाठी गोल्ड घेण्यात अर्थ नाही. पण गोल्डमध्ये डब्याच्या आत ही २३ वॅटची उष्णता कमी होते, आणि आम्हाला हवे ते दोन आकडे, १००-२४० आणि ५० अंश, त्या दुकानात एका गोल्डच्याच पाटीवर आणि कागदावर एकत्र सापडले. १२ व्होल्टला ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट. पाटी खोटं बोलत नव्हती.

त्याआधी एका दुकानदाराने जुनाच ठेवायला सांगितलं होतं, वर एक जोडपिन काढली, हार्ड डिस्कच्या चार पिनी वायरवरून कार्डाला आठ पिनी देणारी. "चालस ना भो, सगळा लोके लावतंस." आठ पिनी सॉकेट १५० वॅटसाठी बनलेलं असतं. ती बारीक वायर बघून मी पुढच्या दुकानात गेलो. ताईने घरी किंमत ऐकल्यावर विचारलं, "भाऊ, इतला पैसा या डबाना?" कार्डाची किंमत भाच्याने तिला अजून सांगितलेली नाही, तर मीही गप्प बसलो.

बसवायचं काम सोपं. कार्डाला दोन आठ पिनी सॉकेट होते. एकाच केबलला कार्डाच्या बाजूला दोन टोकं असतात, ती दोन्ही खोचून मोकळं होता येतं. मी एसएमपीएसपासून दोन वेगवेगळ्या केबल ओढल्या. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधी लावू नका, टोक बसलं तरी आतल्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा.

गेम चालू करून क्लॅम्प मीटर लावला. २२८ व्होल्टवर १.८ अँपिअरच्या आत. १२ व्होल्टची पिवळी वायर लोडवर ११.९ च्या वर राहिली, ११.४ पर्यंत चालतं.

सगळं झालं असं वाटत असताना भाचा म्हणाला, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. जुन्यालाही यायच्या, त्याला वाटायचं असंच असतं. कॅबिनेट आणि जमीन यांच्यात मोजलं तर ११० व्होल्टच्या आसपास. हा एसएमपीएसचा दोष नाही. आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर बॉडीवर अर्धं व्होल्टेज तरंगतं. सॉकेटची तिसरी पिन मागे कुठेच जोडलेली नव्हती. अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग काढली, झिणझिण्या गेल्या. असलं काम वायरमनकडूनच करून घ्या.

इन्व्हर्टरच्या लाइनवरून मात्र पीसी काढून टाकला. त्यांचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे लाइनसारखी गोलसर लाट (साइन वेव्ह) न देता चौकोनी लाट देणारा, आणि नव्या एसएमपीएसमधल्या पॉवर फॅक्टर सर्किटला तसली वीज मानवत नाही. लाइट गेली की गेम जातो. बाजारातला ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, या पीसीला तो कमी पडेल. १००० व्हीएचा, प्युअर साइन वेव्हचा घ्यायला सांगितलंय, केळीचे पैसे आल्यावर.