कॅमेऱ्याचं बिल मागितलं तेव्हा

आमच्या महापालिकेनं चौकाचौकांत लावलेल्या कॅमेऱ्यांची निविदा मी शोधत होते. ती सापडेना, कारण ती निघालीच नव्हती. वर्तमानपत्रात उद्घाटनाचा फोटो होता, फीत होती, नारळ होता, कोण कोण मान्यवर उपस्थित होते त्याची लांबलचक यादी होती. निविदेचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. पुढे कळलं की खरेदी ६७(३)(क) खाली झाली होती.

ज्यांना महापालिकेच्या भाषेची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधलं हे कलम आयुक्तांना आणीबाणीत नेहमीची मंजुरी न घेता तातडीनं पाऊल उचलू देतं. पूर आला, पूल खचला, साथ पसरली, तर त्यासाठी. एकच अट आहे. काय केलं आणि का केलं हे लगेच स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवायचं. अट चांगली आहे. पण २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांत निवडून आलेली सभागृहं नव्हती, प्रशासकांचा कारभार होता. आमच्याकडेही तेच. म्हणजे आयुक्त म्हणून साहेबांनी खर्च केला आणि प्रशासक म्हणून, स्थायी समितीच्या खुर्चीत बसून, स्वतःच तो अवलोकनी घेतला, म्हणजे पाहिल्याची नोंद केली. मी नोकरीची सगळी वर्षं लेखा शाखेत बिलं तपासण्यात घालवली आहेत. एकाच माणसाच्या दोन सह्या एकाखाली एक दिसल्या की माझी पेन्सिल आपोआप थांबते.

पण खरं सांगायचं तर केवळ पैशासाठी मी एवढ्या भानगडीत पडले नसते. कंत्राटी सफाई कामगारांनी थकलेल्या पगारासाठी मोर्चा काढला होता. तो संपल्यावर काही दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरू लागला. मोर्च्यातल्या चौघीजणींच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढलेले आणि खाली ‘यांना कोण पोसतंय?’ असा मजकूर. फोटो उंचावरून, तिरका घेतलेला होता. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि खांबाचा क्रमांक. कुणा हौशी माणसानं मोबाइलवर काढलेला फोटो असा नसतो. तो पाठवणारा होता एका पक्षाचा कार्यकर्ता. महापालिकेच्या कॅमेऱ्यातलं चित्र त्याच्या हातात कसं आलं, हा माझा प्रश्न होता.

फोन टॅप करायचा तर निदान कागदावर तरी काही बंधनं आहेत. १८८५ च्या तार कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हवी असं म्हटलं होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात गृहसचिवांच्या आदेशाची आणि आढावा समितीची चौकट घालून दिली. २००७ मध्ये ती तार नियमांत नियम ४१९-अ म्हणून आली. एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी एकूण १८० दिवस, आणि राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती. डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, त्यांतही ढाचा साधारण तोच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणात असे टॅपिंगचे आदेश रद्दच केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. आरोपी कसा आहे हा मुद्दाच नव्हता, सरकारनं स्वतःचा कायदा पाळला का एवढाच होता. समितीत सगळे सरकारी सचिवच बसतात, न्यायाधीश एकही नाही, ही गोष्ट वेगळी. पण चौकातल्या कॅमेऱ्याला तेवढंही नाही. त्याचं चित्र कुणी पाहावं, कुणाला द्यावं, किती दिवस ठेवावं, याचा कागद आमच्या गावात कुणी पाहिलेला नव्हता.

माहिती अधिकारात मुरलेल्या एका काकांकडे गेले. त्यांनी माझा कच्चा मसुदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. “ताई, यातला ‘पाळत’ शब्द आधी खोडा. तो दिसला की साहेब आठ एक अ लावून मोकळे होतात. तुम्ही लेखा शाखेतल्या ना? मग बिल मागा.”

हा सल्ला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा ठरला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(अ) देशाच्या सुरक्षेचं आहे, आणि महापालिकेतला कारकूनसुद्धा ते देशाचे संरक्षणमंत्री असल्यासारखं वापरतो. पण झालेल्या खर्चाच्या कागदांवर ते चिकटवणं जड जातं. दुसरं म्हणजे ‘का’ विचारायचं नाही. ‘निविदा का काढली नाही’ या प्रश्नाला ते बांधील नाहीत. ‘निविदा न काढण्यास मान्यता देणाऱ्या टिपणीची साक्षांकित प्रत द्यावी’ असं लिहिलं की कागद तरी द्यावा लागतो, नाहीतर नाही म्हणून लेखी सांगावं लागतं. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मी अर्ज वेगवेगळे केले. एकात ६७(३)(क) चा प्रस्ताव आणि टिपणी. एकात कार्यादेश, देयकं, मोजमाप पुस्तिका आणि साहित्य पोच केल्याची चलनं. एकात फुटेज मागणी आणि वाटपाची नोंदवही. प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आवक कक्षातून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे सांगायला नकोच.

अर्जांबरोबर एक साधं पत्रही दिलं, तेही आवक करून. मोर्च्याच्या दिवसाचं फुटेज आणि त्याच्या लॉगची नोंद जपून ठेवावी, खोडू नये, असं त्यात लिहिलं. यंत्रणा ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढवते आणि माहितीच्या उत्तराला कायद्यानंच ३० दिवस दिलेले आहेत. उत्तर येईपर्यंत फुटेज गेलेलं असतं आणि मग ‘उपलब्ध नाही’ हे खरंच असतं.

उत्तरं आली ती अपेक्षेप्रमाणे. नोंदवही ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ नाकारली. देयकं ‘व्यापारी गुपित’ म्हणून ८(१)(ड) खाली. टिपणीचा अर्ज कलम ६(३) खाली पोलिसांकडे वर्ग केला, पोलिसांनी कळवलं की यंत्रणेची मालकी महापालिकेची आहे. ही टोलवाटोलवी काही काळ चालली. तिचं वर्णन करत नाही, ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती पाठ आहे.

दार उघडलं ते सोमवारी. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिकांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. फार कमी लोक याचा उपयोग करतात आणि फार कमी कर्मचाऱ्यांना तो माहीत असतो. मी निर्णयाची प्रत नेली होती. समोरच्या मॅडमनी ती दोनदा वाचली, आत जाऊन आल्या आणि फाइल टेबलावर ठेवली. “बाई, फोटो काढू नका हं,” म्हणाल्या. मी म्हटलं, पेन्सिल चालेल ना?

टिपणीत आणीबाणीचं कारण दिलं होतं: ‘आगामी सण-उत्सवांच्या पार्श्वभूमीवर तातडीची बाब.’ प्रत्यक्ष कार्यादेशाची तारीख सण उरकल्यानंतरची. तीन दरपत्रकं जोडलेली, तीन वेगळ्या नावांची. तिन्हींत ‘कॅमेऱा’ असा एकच चुकीचा ऱ आणि ओळीतल्या अंतराची तीच गडबड. बिलं तपासणाऱ्याला यात नवं काही नाही. खोटी दरपत्रकं करणारे आळशी असतात, हा माझा जुना अनुभव आहे.

मग चलनं आली. नियंत्रण कक्षातले पडदे, संगणक, सर्व्हर, कुठे किती बसवले त्याची यादी आणि प्रत्येक ठिकाणच्या स्वीकारणाऱ्याची सही. पहिलं ठिकाण महापालिका मुख्यालय. दुसरं पोलीस नियंत्रण कक्ष. तिसरं आयुक्तांचं दालन. चौथ्या ओळीत एक मॉनिटर, एक संगणक, ‘लॉगिनसह कार्यान्वित’, आणि ठिकाणाच्या रकान्यात ‘जनसंपर्क कार्यालय’. महापालिकेचा जनसंपर्क विभाग मुख्यालयातच आहे, त्याला वेगळं चलन कशाला? पत्ता वाचला. तो एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयाचा होता. स्वीकारणाऱ्याची सही वाचता येत नव्हती. शिक्का नव्हता. महापालिकेच्या पैशानं, महापालिकेच्या कॅमेऱ्यांची थेट जोडणी एका राजकीय कार्यालयात दिलेली, आणि त्याचं बिलही मंजूर.

पाळतीबद्दल विचारलं असतं तर हा कागद जन्मात दिसला नसता.

त्यानंतर फोन सुरू झाले. माझा नंबर फक्त अर्जावर होता. कंत्राटदाराचा माणूस अगदी नम्र: “काकू, काही गैरसमज असेल तर बसून बोलू.” अर्जदाराचा पत्ता आतूनच बाहेर जातो, हे उघड गुपित आहे. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडे इथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींची हत्या झाली, तेव्हापासून या राज्यात माहिती मागणाऱ्या कुणालाही तो नम्रपणा ऐकून बरं वाटत नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो आजवर अमलातच आणलेला नाही. एक गोष्ट मात्र करता येते. २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं अर्जदाराला घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक देण्याची मुभा मान्य केली आहे. पुढचे सगळे कागद मी तशाच पत्त्यावर मागवले.

प्रथम अपिलाची सुनावणी (२० रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र ब) नाव घेण्यासारखी नव्हती. अपिलीय अधिकारी जन माहिती अधिकाऱ्यांचे थेट वरिष्ठ, दोघांचे डबे एकाच टेबलावर. तरी मी मुद्दे लेखी दिले. माहिती नाकारणं योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांची आहे. कलम १० प्रमाणे झाकण्यासारखं तेवढं झाकून बाकीचं देता येतं. कलम ८(२) प्रमाणे लोकहित मोठं असेल तर गुपितही द्यावं लागतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि देयकं देण्याचा आदेश काढला. व्यापारी गुपिताच्या नावाखाली मंजूर बिल लपवायला त्यांचाही हात धजला नसावा. नोंदवहीला मात्र पुन्हा नकार.

मग माहिती आयोग. इथे एक फरक लक्षात ठेवा. कलम १८ खाली तक्रार केली तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. माहिती हवी तर कलम १९(३) चं दुसरं अपीलच, तेही ९० दिवसांच्या आत. आणि मग वाट पाहायची. २०२४ च्या मध्याला महाराष्ट्राच्या आयोगापुढे लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. माझी पाळी येईपर्यंत आयुक्त बदलले, जन माहिती अधिकारी बदलले, मोर्च्यातल्या दोघींचं काम गेलं. मधल्या काळात नोव्हेंबर २०२५ मध्ये कलम ८(१)(ज) ची धार बदलली. वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागे, आता ‘वैयक्तिक’ एवढं म्हटलं की पुरतं. महापालिकेच्या वकिलांनी लगेच तेच पुढे केलं: नोंदवहीत फुटेज नेणाऱ्यांची नावं आहेत, ती वैयक्तिक. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या बायकांच्या खासगीपणाची आठवण यांना कधी झाली नव्हती. फुटेज नेणाऱ्याच्या खासगीपणाची झाली.

माझा युक्तिवाद ८(२) वर टिकला, ते कलम अजून जागेवर आहे. आयोगाचा आदेश असा: सामान्य नागरिकांची नावं झाकावीत, पदाधिकारी आणि अधिकाऱ्यांची नावं, तारखा आणि कारणाचा रकाना द्यावा.

नोंदवहीच्या प्रती पानाला दोन रुपयांप्रमाणे मिळाल्या. पोलिसांच्या नोंदी नीट आहेत: गुन्हा क्रमांक, पत्राचा जावक क्रमांक, नेणाऱ्याचं पद. बाकीच्या बऱ्याच ओळींत पत्र क्रमांकाचा रकाना रिकामा आणि कारणात ‘मा. साहेबांच्या तोंडी सूचनेनुसार’. मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशीच्या ओळीतही तेच, एका पेन ड्राइव्हवर, त्या खांबाच्या क्रमांकासह. साहेब कोण ते लिहिलेलं नाही. चौथ्या लॉगिनवरून काय पाहिलं गेलं त्याचा लॉग मागितला, तर तो ‘तांत्रिक कारणास्तव जतन झालेला नाही’, माझं आवक झालेलं पत्र फाइलला असूनही.

फुटेज देण्याच्या अधिकृत नियमाची प्रत मागणाऱ्या अर्जाला उत्तर आलं: ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.’ हेच उत्तर, चलनाची प्रत, तिन्ही दरपत्रकं आणि नोंदवहीचं ते पान जोडून, शपथपत्रासह मी लोकायुक्तांकडे तक्रार केली आहे. १९७१ च्या कायद्यानं लोकायुक्त स्वतः शिक्षा करू शकत नाहीत, शिफारस करतात, हे मला माहीत आहे. त्यांनी खुलासा मागवला आहे. संपर्क कार्यालयातला मॉनिटर परत आला, असं लेखा शाखेतून कळलं. तो साहित्य नोंदवहीत पुन्हा जमा केला का, त्याची नोंद कुठल्या तारखेची आहे, यासाठीचा अर्ज या सोमवारी आवक केला.