हिला गुडघे नाहीत का?

गेले तीन आठवडे मी एका बाईला जमिनीवरून उठवतेय. बाई म्हणजे कॉम्प्युटरमधली, राखाडी रंगाची, केस नाहीत, कपडे नाहीत, चेहरा पण जेमतेमच. फुकट डाउनलोड केलेलं रिग आहे, म्हणजे आत हाडं-सांधे बसवलेली, हलवता येणारी बाहुली. ती मांडी घालून बसलीये आणि तिला उठायचंय, बस, एवढाच शॉट. सहा सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १४४ फ्रेम. रोज ऑफिसातून आल्यावर जेवण उरकून नऊ ते साडेबारा मी हेच करते, आणि रूममेट पाणी प्यायला बाहेर आली की विचारते, उठली का गं? आता तो आमच्या फ्लॅटमधला जोकच झालाय, रविवारी मी दहापर्यंत लोळत पडले तरी दारातून हेच ऐकू येतं.

दिवसा मी पुण्यात एका व्हीएफएक्स स्टुडिओत रोटो करते. म्हणजे हिरो पळत असेल तर त्याच्या कडेकडेने प्रत्येक फ्रेमला रेघ मारत बसायचं, केसांसकट, म्हणजे मागचं बॅकग्राउंड काढून दुसरं लावता येतं. घरी सांगताना "सिनेमात काम करते" असं सांगितलंय आणि ते खोटं नाहीये, फक्त थिएटरात क्रेडिट्स सुरू होऊन पब्लिक उठून गेलं तरी आम्ही चार जण मान वर करून आपापलं नाव शोधत उभे असतो आणि बरेचदा ते नसतंच. मला व्हायचंय कॅरेक्टर ॲनिमेटर. हे वाक्य मी गेली चार वर्षं बोलतेय, त्यामुळे आता ते बोलताना जरा हसू येतं.

पण रोटोला मी शिव्या घालत नाही हां. एक तर हे तंत्र मुळात कार्टूनवाल्यांनीच काढलं. मॅक्स फ्लायशर नावाच्या माणसाने साधारण १९१५ मध्ये तसं यंत्र बनवलं, सख्ख्या भावाला जोकरचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर नाचवलं आणि ते शूटिंग काचेवर पाडून एकेक फ्रेम गिरवून काढली, १९१७ ला पेटंटही मिळालं. म्हणजे मी ज्या कामाला कंटाळते ते आमच्या धंद्यातलं पणजोबा-काम आहे. आणि दुसरं म्हणजे दिवसभर माणसं फ्रेम-फ्रेमने बघितली की डोळ्याला एक वाईट खोड लागते. माणूस मागे वळतो तेव्हा बहुतेक वेळा आधी डोळे जातात, मग डोकं, मग खांदे, कंबर सगळ्यात शेवटी नाइलाजाने आल्यासारखी येते. आणि नट जेव्हा मार्कवर येऊन थांबायचं म्हणून थांबतो ना, तेव्हा पाय आधी थांबतात आणि बाकीचा माणूस नंतर येऊन पोचतो. हे स्पीडने बघताना कुणाला कळत नाही पण खोटं वाटतंय एवढं मात्र कळतं. मला आता बसस्टॉपवर उभ्या माणसांचं पण हेच दिसतं आणि लोक माझ्याकडे विचित्र बघतात, ते साहजिक आहे.

तर हा शॉट का. डेमो रील, म्हणजे काम मागताना दाखवायचा नमुन्यांचा छोटा व्हिडिओ, बनवायची म्हणून मी शंभरेक रील तरी बघितल्या असतील, आणि सगळ्यांमध्ये तेच ते. एक जण जड खोका उचलतो, एक जण भिंतीवरून उड्या मारतो, एक तलवार, आणि दोघं जण टेबलाशी बसून इंग्रजीत भांडतात. ही रील बनवणारी पोरं नागपूरची, कोल्हापूरची, संभाजीनगरची असतात हो, पण कॅरेक्टर मात्र कधी जमिनीवर बसत नाही. खुर्चीवर बसतं, सोफ्यावर बसतं, बारच्या उंच स्टुलावर तर फारच बसतं. मला वाटलं आपल्या घरात दिवसातून पन्नास वेळा होणारी गोष्ट करू. कुणीतरी मांडी मोडून उठतंय. सोप्पं.

सोप्पं अजिबात नाही, कारण रिगलाच मांडी घालता येत नाही. हे मला पहिल्याच रात्री कळलं. मांडी एवढी बाहेर वळवली की जांघेपाशी जाळी, म्हणजे बाईची कातडी, चुरगळते, रिकाम्या पिशवीसारखी आत जाते, आणि पाय आयकेमध्ये असतील, म्हणजे तळपाय ठेवला की गुडघा आपोआप वळतो त्या पद्धतीत, तर गुडघा कुठे बघतोय हे सांगणारा जो कंट्रोल असतो तो एका ठरावीक कोनानंतर गोंधळतो आणि गुडघा टप्पकन उलट्या बाजूला फिरतो. एका फ्रेमला बाई बसलीये, पुढच्या फ्रेमला तिचा पाय टोळासारखा. बनवणाऱ्याचा दोष नाही, त्याने चालायला, पळायला, खुर्चीत बसायला बनवलं, त्याच्या डोक्यात पंगत नव्हती. मग मी पाय एफकेमध्ये घेतले, म्हणजे मांडी-गुडघा-घोटा एकेक हाताने वळवायचा, आणि उठताना तळपाय जमिनीला टेकले की तिथून पुढे आयके, कारण नाहीतर पाय बर्फावर असल्यासारखे घसरतात. हा बदल जिथे होतो तिथे नीट जुळवलं नाही तर झटका बसतो, त्या एका झटक्यात माझे दोन दिवस गेले. आणि उजव्या बाजूची जांघ शेवटपर्यंत सुधारली नाहीच, म्हणून कॅमेरा सरळ डावीकडे नेला. जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते नसतंच, हे आमच्यातलं सगळ्यात उपयोगी तत्त्वज्ञान.

पहिलं व्हर्जन झालं तेव्हा मी खूश होते. पोझेस स्वच्छ, आर्क गोल, ग्राफ एडिटरमधल्या हालचालीच्या रेघा अशा गुळगुळीत की फ्रेम करून भिंतीवर लावाव्यात. ऑफिसातल्या एका सीनियरला दाखवलं, तो म्हणाला छानै, जरा वेट कमी वाटतंय. वेट म्हणजे अंगाला वजन आहे असं जाणवणं, आणि वेट कमी वाटतंय हे आमच्यात, भाजीत काहीतरी कमीये म्हणतात तसं आहे. काय कमीये ते खाणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मग शनिवार-रविवार घरी गेले, सिन्नरला. आजी ओट्यावर लसूण सोलत बसलेली. तिला लॅपटॉपवर दाखवलं. तिने चष्मा लावला, दोनदा बघितलं आणि म्हणाली, "हिला गुडघे नाहीत का गं?"

मी म्हटलं, "आहेत ना आजी, हे काय इथे."

"मंग दुखत कसे नाय? फुग्यावानी वर आली की. आन् उठायच्या आधी इचार बी केला नाय बया. कुणी हाक मारली व्हय हिला?"

मी तिथेच लॅपटॉप बंद केला आणि फोन काढला. तिला म्हटलं आजी तू एकदा उठून दाखव. तर ती म्हणाली कशाला उठू, लसूण व्हायचाय अजून. आणि हेच तर पाहिजे होतं, कारण उठून दाखव म्हटलं की माणूस दाखवण्यासारखं उठतं. मग मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवून दिला आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती स्वतःच्या कामाला म्हणून उठली. एकच टेक मिळाला आणि त्यातही शेवटी तिचं डोकं फ्रेमबाहेर.

तो व्हिडिओ पुण्यात येऊन २४ फ्रेमवर आणला (फोनचं फ्रेमरेट सरळ नसतं, आधी तेच डोकं फिरवतं) आणि वहीत एकेक फ्रेम लिहून काढली. पहिल्या वीसेक फ्रेममध्ये शरीर हलतच नाही, फक्त नजर दाराकडे जाते. मग लसणाची साल मांडीवरून झटकते, उलट्या हाताने. मग छाती भरते, आणि "पांडुरंगा" हे त्या श्वासावर येतं, उठताना नाही, उठायच्या आधी. मग उजवा तळवा जमिनीवर, पण लगेच जोर नाही, आधी नुसता टेकवून बघते, फरशी आहे ना अशी खात्री केल्यासारखा. मग डावा हात गुडघ्यावर. मग ती पुढे झुकते, आणि झुकून थांबते. पूर्ण थांबते, अर्धा सेकंद. बूड जमिनीवरून सुटतं ते एकसष्टाव्या फ्रेमला. माझ्या बाईचं सुटत होतं अठराव्या. सहा सेकंदांच्या उठण्यातले अडीच सेकंद न उठण्याचे होते आणि मी ते सगळे खाऊन टाकलेले. पदर सावरणं वगैरे वेगळंच, साडीचा तर मी विचारच करत नाहीये, कापडाचं सिम्युलेशन माझ्या लॅपटॉपवर लावलं तर पंख्याच्या आवाजाने शेजारचे वर येतील.

पुस्तकात याला ॲन्टिसिपेशन म्हणतात, ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांतलं एक, क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच शिकवतात. पण तिथे शिकवतात ते उडी मारण्याआधी खाली दबायचं वगैरे. म्हणजे शरीराची तयारी. आजी करत होती ती मनाची तयारी होती, उठावं का, आत्ताच उठावं का, दुखेल, दुखू दे. ते कंट्रोल फिरवून येत नाही. म्हणजे येतं, पण आधी ते आहे हे कळावं लागतं.

त्या आठवड्यात मी परत 'संत तुकाराम' बघितला, १९३६ चा, प्रभातचा. लोक तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांबद्दल बोलतात आणि बरोबरच आहे, पण माझी नजर सगळा वेळ गौरीवर, आवलीचं काम केलंय तिने. मुलगा आजारी, देव काही करत नाही, आणि ही बाई पोराला ओढत देवळात निघते आणि हातात पायातली वहाण, विठोबाला मारायला. तिचं वजन कुठे आहे ते बघा. सगळी पुढे कललेली, पाय मागून पळत येतायत. पागनिस शांत सरळ उभे, त्यांचा भार कुठेतरी वर छताला बांधल्यासारखा, आणि ही पूर्ण जमिनीची. नवरा-बायकोतलं सगळं भांडण संवाद म्यूट करून कळतं, मी केलंय म्यूट. व्हेनिसला १९३७ मध्ये या पिक्चरचा गौरव झाला तेव्हा तिथल्या कुणाला अभंग कळले असतील असं वाटत नाही, आवली मात्र नक्की कळली असणार.

ॲनिमेशनमध्ये मला असं थांबणं जिथे दिसतं तिथे मी अडकते. डिस्नेच्या स्नो व्हाइटमध्ये (तो पण १९३७ चाच) बुटके तिच्याभोवती बसून रडतात तो सीन फ्रँक थॉमसने केलाय, आणि त्यात जवळजवळ काही हलत नाही. त्याआधीची कार्टून म्हणजे नुसती उड्या आणि आपटणं, आणि हा माणूस म्हणतो हलवायचंच नाही. केवढी हिंमत लागत असेल, पडद्यावर चित्र न हलता ठेवायची, कारण चित्र थांबलं की मरतं, नट थांबला तर निदान श्वास तरी घेतो. किंवा 'माय नेबर तोतोरो' या जपानी ॲनिमेशनपटातला पावसातला बसस्टॉप. मोठी बहीण, पाठीवर झोपलेली धाकटी, एका हातात छत्री, आणि ती मध्येच पाठीवरचं ओझं जरासं वर उचलून नीट करते. गोष्टीला त्याची काही गरज नाही. पण ज्याने कधी लहान भावंडाला कडेवर घेऊन जत्रेतून घरी आणलंय त्याच्या खांद्याला ते कळतं.

ऑफिसात हे बोलले तर एक मुलगा म्हणाला एवढा वेळ कुणाला आहे, आता एआयला सांग, आजी उठतेय, दहा सेकंदांत देईल. देतं पण, मी करून बघितलं. बाई छान दिसत होती, साडी तर अशी की मला रडू आलं. आणि उठली फुग्यासारखी. उद्या सुधारेल म्हणा, नाही असं नाही, मला त्याची भीती वाटते का तर वाटते, ईएमआय आहे लॅपटॉपचा. पण मला ती बाई नको होती, मला ती अर्धा सेकंद का थांबते ते पाहिजे होतं.

फाळके आमच्या जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे, आणि राजा हरिश्चंद्रच्या आधी त्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना फ्रेम-फ्रेमने टिपलं होतं, पैसे लावणाऱ्याला दाखवायला. महिनाभर कॅमेऱ्यासमोर वाटाणा! घरचे काय म्हणाले असतील याचा मी नेहमी विचार करते. आमच्याकडे तर निदान अनडू आहे.

असो. तर दुसरं व्हर्जन परवा रात्री झालं. नजर, झटकणं, श्वास, तळवा, थांबणं, मग उठणं. लसूण नाहीये तरी झटकणं ठेवलंय, चांगलं दिसतं. काकांच्या फोनवर पाठवलं, त्यांनी आजीला दाखवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. कॉलवर तिचं फक्त कपाळ आणि पंखा दिसत होता.

"आता दुखतंय हिला," आजी म्हणाली. मी रूममेटला ओरडून सांगितलं, उठली!

"पर ही उठून चालली कुठं?"

मी म्हटलं कुठे म्हणजे, नुसती उठते गं, शॉट तेवढाच आहे.

"नुसतं कोन उठतंय? मला तर काम असल्याबिगर उठवत नाय."

मी पटकन म्हटलं, चहा ठेवायला. "मंग ठीकाय," म्हणाली आणि फोन काकांकडे दिला. तर आता सहाचे नऊ सेकंद होणार, २१६ फ्रेम, तिला दोन पावलं चालवावं लागेल, म्हणजे ताठरलेल्या गुडघ्याची दोन पावलं, ती नेहमीच्या वॉकसायकलमधून, म्हणजे परत परत फिरवायच्या तयार चालीतून, येणार नाहीत. आणि शेगडी मॉडेल करायचीये. रूममेटला अजून सांगितलेलं नाही.